मागे पडलेल्या भागासाठी सेझ कसा आखायचा: आधी अडथळा शोधा, सवलतीचं नंतर बघू

एखादा भाग वर्षानुवर्षं मागे पडत जातो, जुना कारखाना बंद होतो, शिकलेली मुलं बाहेर पडतात ती परत येत नाहीत, आणि मग कधीतरी एखाद्या बैठकीत कुणीतरी म्हणतं की इथे सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) जाहीर करू, दहा वर्षं टॅक्स माफ करू, कंपन्या आपोआप येतील. हेतू चांगलाच असतो. पण सेझ जाहीर करणं सोपं आहे आणि चालवणं फार अवघड. संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या संस्थेने २०१९ मध्ये मोजदाद केली तेव्हा १४७ देशांत मिळून जवळपास ५,४०० असे झोन निघाले, त्यातल्या कितीतरी ठिकाणी प्लॉट रिकामे पडून आहेत, आणि जे चालले त्या सगळ्यांनी आजूबाजूच्या भागाला वर काढलं असंही झालेलं नाही.

हे लिहितोय ते जिल्हा पातळीवर काम करणाऱ्यांसाठी, लोकप्रतिनिधींसाठी, स्थानिक उद्योजकांच्या संघटनेसाठी, आणि ज्यांच्या शेजारी असा झोन येऊ घातलाय पण सुनावणीत नेमकं काय विचारायचं ते कळत नाहीये त्या प्रत्येकासाठी.

थोडक्यात आधी सेझ म्हणजे काय ते. ठराविक हद्द आखायची आणि त्या हद्दीत उद्योगांसाठी वेगळे नियम ठेवायचे, म्हणजे कच्चा माल आणताना कस्टम्स ड्युटी नाही, नफ्यावर काही वर्षं टॅक्स नाही किंवा कमी, आणि परवानग्या एकाच ऑफिसात. बहुतेक देशांनी हे निर्यात वाढवायला केलं. मागास भाग उभा करायला झोन वापरायचा म्हणजे हेतूच बदलला, आणि हेतू बदलला की यश मोजायचं मापही बदलायला पाहिजे, हे लोक विसरतात. निर्यात दुप्पट झाली पण हद्दीबाहेरच्या दहा किलोमीटरवरच्या माणसाच्या कमाईत काही फरक पडला नाही तर या भागासाठी तो झोन चालला असं मी तरी म्हणणार नाही.

आधी अडथळा शोधा

माझं सगळ्यात ठाम मत हे आहे की टॅक्सच्या सवलतीचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. कंपन्या तुमच्याकडे येत नाहीत त्यामागे कारण असतं, आणि ते कारण बहुतेक वेळा टॅक्स नसतं, कारण टॅक्स देशभर सारखाच असतो ना, मग बाकीच्या भागात त्या जातात आणि इथे का येत नाहीत? म्हणजे काहीतरी दुसरं अडतंय. वीज महिन्याला किती तास जाते, माल बंदरात किंवा मोठ्या बाजारात पोचायला वाटेतल्या थांब्यांसकट किती वेळ लागतो, जमिनीचे कागद स्वच्छ आहेत का, पाण्याचं कनेक्शन किती महिन्यांनी मिळतं, शिकलेला फिटर किंवा वेल्डर मिळतो का.

हे ऑफिसात बसून कळत नाही. तीन प्रकारच्या लोकांना जाऊन भेटा. जे उद्योग अजूनही त्या भागात तग धरून आहेत त्यांना विचारा पैसा आणि वेळ नेमका कुठे जातो. जे जागा बघून गेले आणि परत आलेच नाहीत त्यांना फोन करा, ही माणसं सगळ्यात उपयोगी असतात आणि त्यांना कुणी विचारायलाच जात नाही. आणि तिसरे म्हणजे त्याच भागातले लोक ज्यांनी बाहेर जाऊन धंदा उभा केला, त्यांना विचारा की गावाकडे का नाही केलं. उत्तरं आकड्यात लिहून घ्या, म्हणजे "वीज खराब आहे" असं नको, "आठवड्यातून इतक्यांदा जाते आणि प्रत्येक वेळी इतका माल वाया जातो" असं पाहिजे. मग त्या यादीतल्या ज्या गोष्टी टॅक्स माफ करून सुटत नाहीत त्यांच्यापुढे खूण करा. बहुतेक यादीवर खुणाच खुणा होतात. ती यादी म्हणजेच तुमच्या सेझचा खरा आराखडा, कारण झोनचा मोठा फायदा हा असतो की सगळ्या राज्यात एकदम जे सुधारता येत नाही ते छोट्या जागेत पटकन सुधारून दाखवता येतं.

याच्या उलट बाजूनेही बघायचं, म्हणजे तुमच्या भागात वापराविना पडून असलेलं असं काय आहे जे दुसरीकडे नाही. आयर्लंडमधलं शॅनन घ्या. अटलांटिक पार करणारी विमानं तिथे तेल भरायला उतरायची, मग लांब पल्ल्याची जेट विमानं आली आणि त्या थांब्याची गरज संपत चालली, विमानतळ ओस पडायची वेळ आली. विमानतळावरच काम करणारे ब्रेंडन ओ'रीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये विमानतळालाच लागून फ्री झोन काढला, कारखान्यांच्या तयार इमारती भाड्याने दिल्या, पुढे कामगारांसाठी शॅनन नावाचं नवं गावच वसवलं, आणि १९७२ मध्ये जवळच्या लिमरिकला उच्च शिक्षण संस्था उभी राहिली जिचं नंतर विद्यापीठ झालं. पोलंडमधल्या मिएलेत्सची गोष्ट वेगळी, तिथे विमानाचा मोठा कारखाना होता, कम्युनिस्ट राजवट गेल्यावर ऑर्डरी आटल्या, पण कसबी कामगार आणि शेड तिथेच होत्या, त्या जोरावर १९९५ मध्ये देशातला पहिला झोन तिथे सुरू झाला. मलेशियातल्या पेनांगचा फ्री पोर्टचा, म्हणजे ड्युटी न लागणाऱ्या बंदराचा दर्जा १९६९ मध्ये गेला, बेकारी भयंकर वाढली, मग १९७२ मध्ये विमानतळाजवळ बायान लेपासला फ्री ट्रेड झोन काढला आणि पहिल्याच वर्षी इंटेल तिथे आली, आज तो सगळा भाग इलेक्ट्रॉनिक्ससाठी ओळखला जातो.

तिन्ही ठिकाणी आधीपासून काहीतरी हाताशी होतं, कुठे धावपट्टी, कुठे कारागीर, कुठे बंदर आणि बेटावरची शिकलेली मंडळी. तुमच्याकडे असं काहीच सापडत नसेल तर झोनच्या आधी दुसरी कामं करायची आहेत हे मान्य करा.

एक विनंती, या टप्प्यावर कुणी शेन्झेनचं उदाहरण द्यायला लागलं तर नकाशा काढून दाखवा. १९८० मध्ये सुरू झालेला तो झोन हाँगकाँगला चिकटून होता, भांडवल, बंदर, गिऱ्हाइकांच्या ओळखी सगळं हद्दीपलीकडे तयार होतं. तुमच्या शेजारी हाँगकाँग नसेल तर तेच नियम लावून तोच निकाल मिळणार नाही.

जागा निवडताना

इथे मन घट्ट करावं लागतं. मागास भागासाठी करतोय म्हणून त्या भागातला सगळ्यात दुर्गम कोपरा निवडायचा मोह होतो, त्यात राजकारणही असतं, प्रत्येकाला आपल्याच मतदारसंघात हवा असतो. फिलिपिन्सने १९७० च्या दशकात बातानला असा झोन केला, डोंगराळ आणि राजधानीपासून आडबाजूला, रस्ते, घरं, पाणी, वीज सगळंच सरकारला नव्याने उभारावं लागलं, प्रचंड पैसा गेला आणि त्या मानाने हाती फार कमी लागलं. त्यामुळे मागास भागाच्या आतच, पण रस्ता किंवा रेल्वे किंवा बंदर ज्याच्या जवळ आहे, जिथे एक बऱ्यापैकी गाव आधीच आहे, डॉक्टर आणि शाळा आहेत, अशी जागा धरा आणि आतल्या दूरच्या गावांतून तिथे रोज जाता येईल अशा बसचा खर्च योजनेतच टाका.

आणि हद्द फार मोठी ठेवू नका. उत्तराखंड आणि हिमाचलला २००३ मध्ये उद्योगांसाठी मोठी सवलत मिळाली, एक्साइज म्हणजे उत्पादन शुल्क दहा वर्षं माफ, आणि उद्योग खरंच आले, बद्दीला औषध कंपन्यांची रांग लागली, हरिद्वार आणि पंतनगरला मोठ्या फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या. पण हे सगळं डोंगराच्या पायथ्याशी, मैदानाला लागून. वरच्या पहाडी गावांतून माणसं बाहेर जायची ती जातच राहिली. अख्खं राज्य सवलतीत घेतलं की कंपनी त्यातला सगळ्यात सोयीचा कोपरा निवडणार, यात कंपनीची चूक काहीच नाही. सवलत कुणासाठी आहे ते हद्द आखतानाच ठरतं, नंतर भाषणात सांगून उपयोग नाही.

जमीन

सगळ्यात जास्त सेझ इथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे गरजेपेक्षा जास्त जमीन घेऊ नका. भारतात सेझचा कायदा २००५ चा, लागू झाला फेब्रुवारी २००६ मध्ये, आणि लगेच शेकडो प्रस्ताव मंजूर झाले. २०१४ मध्ये कॅगने (सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेने) तपासलं तेव्हा अधिसूचित केलेल्या साधारण ४५,६०० हेक्टरपैकी फक्त २८,५०० हेक्टरच्या आसपास जागेवरच कामकाज सुरू झालेलं होतं, आणि काही ठिकाणी सेझच्या नावाने घेतलेली जमीन सेझमधून काढून दुसऱ्या कामाला वळवलेली होती. ज्याची शेती गेली त्याला काय वाटत असेल याचा विचार करा, ज्या कामासाठी दिली ते काम झालंच नाही आणि जमीन मात्र परत नाही.

दुसरं म्हणजे जबरदस्ती. पश्चिम बंगालमधल्या नंदीग्राममध्ये केमिकल हबच्या जमिनीवरून १४ मार्च २००७ ला पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसं गेली. त्यानंतर केंद्राने राज्यांना सेझसाठी सक्तीने जमीन घेऊ नका असं सांगितलं आणि एका सेझला ५,००० हेक्टरची कमाल मर्यादा घातली. पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक झाला. तुमच्या राज्यात त्यात नंतर काय बदल झालेत ते जरूर तपासा. पाच वर्षं जमीन वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा लँड बँकेला (सरकारकडच्या जमिनीच्या साठ्यात) जाईल असंही त्यात आहे, आणि या "किंवा" कडे जमीन देणाऱ्यांनी नीट लक्ष द्यावं, करारात आधीच लिहून घ्यावं की पहिला हक्क कुणाचा.

माझ्या मते हे असं करावं. सुरुवात सरकारच्या आधीच ताब्यात असलेल्या जमिनीपासून, बंद कारखान्याच्या आवारापासून, आधी विकसित होऊन रिकाम्या पडलेल्या औद्योगिक वसाहतीपासून करा. पहिला टप्पा लहान ठेवा, तो अर्ध्याहून जास्त भरला की मगच दुसऱ्या टप्प्याची जमीन. कंपनीला जमीन विकू नका, लीजवर द्या, आणि लीजमध्ये स्पष्ट तारीख टाका, इतक्या महिन्यांत बांधकाम, इतक्या महिन्यांत उत्पादन, नाहीतर प्लॉट परत. हे कलम सगळीकडे कागदावर असतं, वापरायची हिंमत कुणी करत नाही, म्हणून कुणाच्या सहीने प्लॉट परत घेतला जाईल ते पण आधीच ठरवा. ज्यांची जमीन गेली त्यांना एकरकमी पैशाबरोबर विकसित प्लॉटचा वाटा किंवा लीजच्या भाड्यातला हिस्सा द्या. शेतमजूर, मेंढपाळ, मासेमारी करणारे यांच्या नावावर जमीन नसते, भरपाईच्या यादीत ते येत नाहीत आणि कामधंदा मात्र त्यांचाच सगळ्यात आधी जातो, त्यांची वेगळी यादी पहिल्याच दिवशी करा.

आणि हो, झोन जाहीर व्हायच्या आधी आजूबाजूचे जमिनीचे व्यवहार किती आणि कुणाचे झाले ते रजिस्ट्रारकडे मिळतं. ते प्रसिद्ध करा. ब्रिटनमध्ये १९८१ पासून जे एंटरप्राइज झोन काढले तिथे दहा वर्षं स्थानिक मालमत्ता कर माफ होता, आणि अभ्यासातून पुढे आलं की त्या माफीचा बराच भाग वाढलेल्या भाड्यातून जागामालकांच्या खिशात गेला. उद्योजकाला दिलेली सवलत जमीनदाराकडे सरकते ती अशी.

आता सवलती

एवढं सगळं झाल्यावर सवलतीचं बोलू. दोन प्रकार असतात, एक नफ्यावरची आणि एक खर्चावरची. नफ्यावरची म्हणजे इतकी वर्षं इन्कम टॅक्स नाही. खर्चावरची म्हणजे मशिनरी घेतली, माणसं घेतली, ट्रेनिंग दिलं, तर त्या खर्चाच्या प्रमाणात टॅक्समध्ये सूट. मागास भागासाठी दुसरीच बरी. समजा एका कंपनीत चाळीस माणसं आणि नफा भरपूर, दुसरीत चारशे माणसं आणि नफा बेताचा, नफ्यावरची सवलत पहिलीला भरभरून देणार आणि दुसरीला चिमूटभर, म्हणजे जिच्यामुळे भागात पगार येतोय तिलाच कमी. शिवाय ज्या कंपनीला तसाही नफा होणार होता ती सवलत नसती तरी आली असती, तिथे सरकारने आपला महसूल उगाच सोडला.

पोलंडने यात चांगली सोय केली, सवलतीला कमाल मर्यादा असते आणि ती गुंतवणुकीच्या किंवा दोन वर्षांच्या पगारखर्चाच्या ठराविक टक्क्यांइतकी. २०१८ मध्ये तर त्यांनी झोनची कुंपणंच काढली, आता सवलत देशात कुठेही मिळू शकते पण ज्या जिल्ह्यात बेकारी जास्त तिथे किमान गुंतवणुकीची अट खाली येते आणि छोट्या कंपनीला आणखी खाली. ज्यांना नवा कायदा लिहायची संधी आहे त्यांनी हे मॉडेल जरूर अभ्यासावं.

मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना टॅक्स हॉलिडेचं, म्हणजे काही वर्षांच्या टॅक्समाफीचं आकर्षण पूर्वीइतकं राहिलेलं नाही हेही लक्षात घ्या. वर्षाला ७५ कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या समूहांसाठी १५ टक्के किमान टॅक्सचा आंतरराष्ट्रीय करार २०२१ मध्ये झाला, बरेच देश तो लागू करतायत, त्यात पगार आणि मशिनरीच्या प्रमाणात थोडी सूट आहे, पण ढोबळमानाने तुम्ही इथे शून्य टॅक्स लावला तर उरलेला टॅक्स दुसऱ्या देशाचं सरकार वसूल करू शकतं. म्हणजे तुमच्या गरीब भागाने सोडलेला पैसा एखाद्या श्रीमंत देशाच्या तिजोरीत. त्यापेक्षा तोच पैसा सबस्टेशन आणि आयटीआयला लावा.

दिलेला शब्द मात्र पाळा. भारतात सेझ युनिटना पहिली पाच वर्षं पूर्ण, पुढची पाच वर्षं निम्मी आणि त्यापुढची पाच वर्षं पुन्हा गुंतवलेल्या नफ्यावर निम्मी माफी असा हिशोब होता, मग २०११ च्या बजेटमध्ये सेझवर मॅट म्हणजे किमान पर्यायी कर लावला गेला आणि ज्यांनी आधीचा हिशोब धरून पैसे घातले त्यांचं गणित मध्येच बदललं. सवलत कमी द्या हवं तर, पण शेवटची तारीख पहिल्याच दिवशी लिहा आणि मध्ये हात लावू नका.

दुसरीकडून उचलून आणलेले कारखाने

नवीन रोजगार म्हणून जो आकडा सांगितला जातो त्यात शेजारच्या जिल्ह्यातून उठून आलेले कारखाने किती हे विचारा. ब्रिटनच्या एंटरप्राइज झोनमध्ये जवळच्याच भागातून हललेल्या कंपन्या भरपूर होत्या. हिमाचल-उत्तराखंडच्या सवलतीवर पंजाबची हीच तक्रार होती. एका गरीब तालुक्यातून दुसऱ्या गरीब तालुक्यात नोकऱ्या सरकवायला सरकारचा पैसा खर्च करण्यात अर्थ नाही. युरोपियन युनियनमध्ये प्रादेशिक मदत घेताना कंपनीला सांगावं लागतं की मागच्या दोन वर्षांत तेच काम दुसरीकडून हलवलेलं नाही आणि पुढची दोन वर्षं हलवणार नाही, आणि गुंतवणूक पाच वर्षं, छोट्या कंपनीला तीन वर्षं, तिथेच टिकवावी लागते. असं कलम तुमच्या अर्जाच्या फॉर्मवरच छापता येतं.

परवानग्या

सिंगल विंडो सगळेच म्हणतात. बघायचं एवढंच की त्या खिडकीमागच्या माणसाला सही करायचा अधिकार आहे का, की तो फक्त फाइल पुढे ढकलतो. इटलीने दक्षिणेतल्या मागास प्रदेशांसाठी आधी आठ वेगवेगळे झोन केले होते, १ जानेवारी २०२४ पासून ते एकत्र करून सगळ्या दक्षिणेचा एकच झोन केला, आणि त्यात एकच अर्ज आणि एकच परवानगी अशी सोय आहे. काही जण म्हणतात की हद्द इतकी मोठी केली की बंदराजवळच्या भागांचं महत्त्व कमी होतं, तो मुद्दा मला पटतो, पण परवानगीचा भाग मात्र घेण्यासारखा आहे. यात एक सीमारेषा ठेवा, पर्यावरणाची आणि कामगार सुरक्षेची तपासणी लवकर व्हावी पण गाळली जाऊ नये.

माणसं

झोनचा फायदा स्थानिकांना मिळतो की नाही हे इथे ठरतं आणि इथेच सगळ्यात कमी पैसा टाकला जातो. "८० टक्के स्थानिकांना नोकऱ्या" असं नुसतं लिहून काही होत नाही, कंपनीला हवं ते काम येणारी माणसं नसतील तर स्थानिकांना गेटवर सिक्युरिटी आणि साफसफाई, मशिनवर बाहेरचे. पेनांगने १९८९ मध्ये कौशल्य विकास केंद्र काढलं, ते कंपन्यांनी मिळून चालवलं, कोणता कोर्स हवा ते त्याच ठरवायच्या, जागा सरकारची. मोरोक्कोच्या उत्तरेचा भाग वर्षानुवर्षं दुर्लक्षित होता, तिथे २००७ मध्ये टँजर मेड बंदर सुरू झालं, २०१२ मध्ये रेनॉचा कारखाना आला, आणि कारखान्याबरोबरच वाहन उद्योगाचं ट्रेनिंग देणारी संस्था उभी केली. कारखाना यायच्या निदान वर्षभर आधी ट्रेनिंग सुरू झालं पाहिजे, नाहीतर पहिली भरती बाहेरून होते आणि एकदा झाली की ती बदलत नाही.

राहायचं काय, हाही मोठा प्रश्न आहे. इथिओपियातलं हवासा औद्योगिक पार्क २०१६ मध्ये सुरू झालं, खेड्यांतून हजारो तरुण मुली कपड्यांच्या कारखान्यात आल्या, पगार अगदी कमी आणि शहरात खोलीचं भाडं परवडेना, त्यामुळे मुली काम सोडून जायच्या आणि कंपन्यांना सारखी नवी भरती करावी लागायची. वसतिगृह, सुरक्षित बस, पाळणाघर यांचा खर्च रस्त्याच्या खर्चाबरोबरच धरा. आणि कामगार कायदे हद्दीच्या आत आणि बाहेर सारखेच ठेवा. स्वस्त आणि गप्प बसणारे कामगार हेच ज्या झोनचं आकर्षण असतं तिथे आलेली कंपनी आणखी स्वस्त जागा मिळाली की निघून जाते, आणि मागे राहतात ती माणसं जी काहीच नवीन शिकलेली नसतात.

कुंपणाबाहेरचा धंदा

कस्टम्सची सोय अशी असते की परदेशातून कच्चा माल ड्युटीशिवाय येतो, त्यामुळे शेजारच्या गावातल्या वर्कशॉपकडून काही घ्यायचं कंपनीला कारणच उरत नाही. हे मुद्दाम सोडवावं लागतं. दक्षिण कोरियात १९७० मध्ये सुरू झालेल्या मासान झोनमध्ये सुरुवातीला स्थानिक माल ३ टक्क्यांच्या आसपास होता, चारेक वर्षांत तो २५ टक्क्यांपर्यंत गेला. कारण झोनला माल पुरवणाऱ्या बाहेरच्या छोट्या कंपन्यांनाही कच्च्या मालावर तशीच सोय दिली आणि तांत्रिक मदतही. तुम्ही एवढं करा, प्रत्येक मोठ्या युनिटकडून दरवर्षी यादी मागा की बाहेरून काय काय विकत घेता, पॅकिंग, युनिफॉर्म, जेवण, सुटे भाग, दुरुस्ती, वाहतूक, आणि त्यातलं काय इथे होऊ शकतं ते बघून दोन-चार वस्तूंवर स्थानिक लोकांना दर्जाचं सर्टिफिकेट मिळेपर्यंत मदत करा. बिलं वेळेवर मिळतील याची जबाबदारी झोनच्या ऑफिसने घ्यावी, छोटा माणूस बहुतेक पेमेंट अडकूनच बुडतो.

एकाच घोड्यावर सगळा पैसा नको

दक्षिण आफ्रिकेतल्या कोएगा झोनने खोल बंदर बांधलं, मोठ्या ॲल्युमिनियम कारखान्याभोवती सगळी योजना आखली, मग २००८ मध्ये देशात विजेचं संकट आलं आणि तो कारखाना आलाच नाही, नंतरची कितीतरी वर्षं इतर उद्योग जमवण्यात गेली. हवासाचं आणखी एक दुखणं म्हणजे अमेरिकन बाजारात ड्युटीशिवाय मिळणाऱ्या प्रवेशावर सगळी मदार होती, १ जानेवारी २०२२ पासून तो प्रवेश बंद झाला आणि त्याच्या आधीच पीव्हीएच ही मोठी कंपनी निघून गेली. म्हणून एका कंपनीकडे, एका बाजारपेठेकडे किती टक्के जागा आणि रोजगार आहे ते दरवर्षी बघायचं.

मोजायचं काय

झोन सुरू व्हायच्या आधीच आसपासच्या गावांचा सर्व्हे करा, घरटी उत्पन्न, बाहेर गेलेली माणसं, बायकांच्या हातात येणारा पगार, पाण्याची पातळी. सारख्याच परिस्थितीतला पण झोन नसलेला एक तालुका निवडून त्याचाही करा, नाहीतर पाच वर्षांनी जे काही चांगलं झालं ते झोनमुळे की एकूणच देशात बरे दिवस आले म्हणून, ते कळणार नाही. अमेरिकेने २०१७ मध्ये ऑपॉर्च्युनिटी झोन आणले, गरीब वस्त्यांत पैसा घातला तर भांडवली नफ्यावर सवलत, पण मूळ कायद्यात किती रोजगार झाले हे कळवायची सक्तीच नव्हती, त्यामुळे फायदा कुणाला झाला यावर नंतर अभ्यासकांना खूप खटपट करावी लागली. प्रत्येक युनिटला किती सवलत मिळाली, किती पक्क्या नोकऱ्या, त्यातल्या तीस किलोमीटरच्या आतल्या किती, सरासरी पगार किती, हे नावासकट वर्षातून एकदा जाहीर व्हावं. जी कंपनी याला तयार नाही तिला सवलत नको.

जनसुनावणीला जाणार असाल तर एवढे प्रश्न लिहून न्या: पहिल्या टप्प्यातल्या किती जागेसाठी कंपन्यांनी पैसे भरून नोंदणी केलीय? पाणी कुठून येणार आणि सध्या ते कोण वापरतं? सांडपाण्याचा प्लांट पहिल्या युनिटच्या आधी चालू होणार की नंतर? सवलतीमुळे दरवर्षी किती महसूल सोडला जाणार आणि एका नोकरीमागे तो किती पडतो? झोनच्या आतले रस्ते-दिवे कोण सांभाळणार, आणि तिथल्या मालमत्ता करातला वाटा शेजारच्या गावांना मिळणार का? शेवटचा प्रश्न सोडू नका, बऱ्याच ठिकाणी झोनला स्वतंत्र टाउनशिपचा दर्जा दिला जातो आणि मग ट्रक, कचरा, भाडेकरूंची गर्दी गावाच्या वाट्याला येते पण कर येत नाही.

आणि झोन चाललाच नाही तर काय, हेही मंजुरीच्या वेळीच लिहून ठेवा. दहा वर्षांनी निम्मी जागा रिकामी असेल तर सेझचा दर्जा काढून ती जागा साध्या औद्योगिक वसाहतीसाठी, देशी बाजारासाठी माल बनवणाऱ्या छोट्या उद्योगांना खुली करायची की मूळ मालकांना परत द्यायची, कुठल्या दराने, आणि हा निर्णय कोण घेणार. ते कलम नसेल तर जागा तशीच कुलूप लावून पडून राहते आणि भाव वाढायची वाट बघणाऱ्याचाच तेवढा फायदा होतो.